वाकळेचा गोट हातानं शिवताना दोरा कोणता घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाकळ जुनी होते ती काठापासून. मधली शिलाई वीस वर्षं टिकते आणि गोट, म्हणजे काठावर दुमडून शिवलेली पट्टी, मात्र चार-पाच पावसाळ्यांत उसवतो. त्यामुळं कोल्हापुरात वाकळ शिवणाऱ्या आणि शिवून घेणाऱ्या दोघांचेही प्रश्न बहुतेक वेळा काठाच्या दोऱ्यावर येऊन थांबतात. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत.

आतल्या शिलाईचाच दोरा काठाला वापरला तर काय बिघडतं?

कामच वेगळं आहे. आतला धावदोरा पाच-सहा पदर एकमेकांवर धरून ठेवतो. तो जाड असला आणि वर दिसला तरी चालतो, उलट दिसावा म्हणूनच घालतात. गोटाचा टाका मात्र एका घडीच्या टोकाला धरून असतो. पांघरूण ओढताना हात तिथंच पडतो, पिळताना ताण तिथंच येतो आणि फरशीवर घासतो तोही काठच. जाड दोऱ्यानं घडीच्या कडेला मोठी भोकं पडतात आणि टाका वर उचललेला राहतो. असा वर राहिलेला टाका पायाच्या बोटात, बांगडीत, पैंजणात अडकतो आणि तिथून गोट सुटायला लागतो. म्हणून काठाचा दोरा आतल्या दोऱ्यापेक्षा बारीक आणि जास्त पिळाचा हवा.

फार खोलात न जाता एकच दोरा सांगायचा तर?

सुती, मर्सराइज्ड, तीन पदरी, 40 किंवा 50 नंबरचा. रिळावर 40/3 किंवा 50/3 असं छापलेलं असतं. जुन्या लुगड्यांची जाड वाकळ असेल तर 40/3, दोन-तीन पदरांची हलकी गोधडी असेल तर 50/3. दहापैकी आठ वाकळांना एवढं पुरतं. उरलेल्या दोनांसाठी पुढचं वाचा.

40/3, 40/2, तिकीट 120, टेक्स 27... हे आकडे वाचायचे कसे?

तिरप्या रेघेच्या आधीचा आकडा म्हणजे सुताचा काउंट. इचलकरंजीत मागवाले सूत घेतात त्याच हिशेबाचा. 840 यार्डांची एक लड धरली, तर एक पौंड वजनात अशा किती लडी बसतात तो काउंट. लडी जास्त बसल्या म्हणजे सूत बारीक. म्हणजे आकडा मोठा तितका दोरा बारीक. रेघेनंतरचा आकडा म्हणजे किती पदर एकत्र पिळले आहेत. 40/2 आणि 40/3 मध्ये सूत एकच, पण दुसऱ्यात एक पदर जास्त, म्हणून तो तितक्याच लांबीला दीडपट जड आणि जाडही.

तिकीट नंबरही असाच उलटा चालतो: 120 पेक्षा 80 जाड. टेक्स मात्र सरळ आहे. 1000 मीटर दोऱ्याचं वजन जितके ग्रॅम तितका टेक्स, म्हणून इथं आकडा मोठा तितका दोरा जाड. सुती 40/3 चा टेक्स साधारण 44 येतो, 50/3 चा 35 आणि 60/3 चा 30 च्या आसपास. गोटाला टेक्स 30 ते 45 या पट्ट्यातला दोरा बघा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिळांची तुलना करायची असेल तर टेक्सच बघावा, बाकी आकड्यांनी हमखास घोळ होतो.

सुती चांगला की पॉलिएस्टर?

याचं उत्तर कापडाच्या वयावर आहे.

जुन्या साड्या, धोतरं, चादरी वापरून वापरून मऊ झालेल्या असतात आणि त्यांचा जोरही गेलेला असतो. अशा कापडात बारीक आणि फार चिवट दोरा घातला, की ताण आल्यावर दोरा तुटत नाही. तो कापडच चिरत जातो. काठाला एका ओळीत भोकं मोठी होतात आणि पट्टीच्या पट्टी मोकळी होते. सुती दोरा त्याआधी तुटतो आणि तुटलेला टाका पाच मिनिटांत पुन्हा घालता येतो. चिरलेलं लुगडं पुन्हा विणता येत नाही. जुन्या कापडावर आम्ही सुती दोऱ्याचाच आग्रह धरतो तो यासाठी.

सुती दोऱ्याची आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते: कापूस ओला झाला की त्याची ताकद वाढते. भिजलेली वाकळ उचलताना, म्हणजे ताण सगळ्यांत जास्त असताना, तो उलट घट्ट साथ देतो.

नव्या कापडाची वाकळ असेल, ती होस्टेलवर किंवा प्रवासात जाणार असेल, दर पंधरा दिवसांनी मशीनमध्ये पडणार असेल, तर पॉलिएस्टर घ्यायला हरकत नाही. त्याला बुरशी लागत नाही आणि तो आटत नाही. गगनबावडा, राधानगरी, आजरा या भागात पावसाळ्याचे चार महिने कपडे नीट वाळत नाहीत. तिथं दमट पेटीत ठेवलेल्या वाकळेचा सुती दोरा कुजू शकतो, हाही मुद्दा पॉलिएस्टरच्या बाजूनं जातो. फक्त दोरा स्पन, म्हणजे किंचित लव असलेला घ्या. गुळगुळीत चकचकीत फिलामेंट दोऱ्याची गाठ हातशिलाईत आपोआप सुटते.

घरात शिलाई मशीनचं रीळ आहे. तेच वापरलं तर?

टेलरिंग मटेरियलच्या दुकानात नुसतं ‘दोरा द्या’ म्हटलं की बहुधा हातात पडतं ते पॉलिएस्टर 40/2. ब्लाउजच्या फॉलला, हेमला ते ठीक. जुन्या वाकळेच्या काठाला ते बारीकही पडतं आणि चिवटही, म्हणजे नको ते दोन्ही गुण एकत्र. महाद्वार रोडवर काय किंवा राजारामपुरीत काय, दुकानात शिरताना ‘कॉटनचा, तीन पदरी’ हे दोन शब्द आधी सांगा. खात्री करायची असेल तर दोऱ्याचं टोक उलट पीळ देऊन उकला आणि पदर मोजा. दुकानाबाहेर येऊन एक इंच दोरा जाळून बघा: सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राख चिमटीत विरते, पॉलिएस्टर आक्रसतो आणि टोकाला कडक मणी होतो.

मर्सराइज्ड म्हणजे काय? साधा सुती का नको?

दोरा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून ताणून काढतात. त्यानं तंतू फुगून गोल होतो, चमक येते, रंग पक्का धरतो आणि ताकदही वाढते. साध्या दोऱ्याला लव जास्त असते. दहा-बारा टाक्यांत तो सुईच्या नेढ्याजवळ फुलतो आणि तुटतो.

हातशिलाईसाठी म्हणून ग्लेझ केलेला कडक दोरा मिळतो, तो कसा?

काठाला छान चालतो. वर मेणाचं किंवा खळीचं पातळ लुकण असल्यानं गुंतत कमी. दोन गोष्टी सांभाळा. तो शिलाई मशीनला लावू नका, लुकण खरवडून मशीनमध्ये साचतं. आणि खळीचं लुकण असलेलं रीळ पावसाळ्यात उघडं ठेवू नका, त्यावर बुरशी लवकर धरते.

भरतकामाच्या लडीतला दोरा?

लडीत सहा पदर असतात आणि लांबी साधारण आठ मीटर. तो सैल पिळाचा, चमकण्यासाठी बनवलेला असतो, घासण्यासाठी नाही. काठाला नकोच. गोटावर नक्षीचा टाका दिसायला हवा असेल तर पर्ल कॉटन 8 नंबर घ्या, त्याचा पीळ घट्ट असतो. पण तो नक्षीपुरता. गोट धरून ठेवणारी शिलाई 40/3 चीच हवी.

नायलॉन, पोती शिवायचा दोरा, रेशीम?

नायलॉनचा पारदर्शक दोरा अजिबात नको. तो उन्हात पिवळा आणि ठिसूळ होतो, इस्त्रीखाली वितळतो आणि कापलेलं टोक काट्यासारखं टोचतं. पोत्याचा दोरा जाड आणि खरबरीत, भोकं पाडतो. रेशीम सुंदर आहे, पण सोडा आणि कपड्यांची पावडर त्याला मारक. रोज धुवायच्या वाकळेत ते वाया जाईल.

एकेरी दोरा की दुहेरी?

एकेरी. दुहेरी घेतला की दोन पदर कधीच सारखे ओढले जात नाहीत, एक ताणलेला आणि एक सैल राहतो. सगळा भार ताणलेल्यावर येतो आणि सैल पदराचा फास वर दिसतो. बळकटी हवी असेल तर बारीक दोरा दुहेरी करण्यापेक्षा जाड दोरा एकेरी घ्या.

दोरा सारखा गुंततो, गाठी पडतात. काय चुकतंय?

बहुतेक वेळा लांबी. दोरा एक हात, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण 18 इंच असावा. सारखं सुईत ओवायचा कंटाळा म्हणून दोन-अडीच हात घेतला की तोच दोरा कापडातून पन्नास-साठ वेळा जास्त जातो, झिजतो, पीळ उलगडतो आणि शेवटचे टाके सुरुवातीच्या टाक्यांपेक्षा कमजोर पडतात.

दुसरं कारण दिशा. रिळातून जे टोक आधी बाहेर येतं तेच सुईत ओवा आणि कापलेल्या टोकाला गाठ मारा. उलट केलं तर दोरा कापडातून जाताना लव उलटी घासली जाते आणि तो लवकर फुलतो.

तिसरं, प्रत्येक टाक्याला हात नकळत सुई थोडी फिरवतो. पीळ वाढत जातो आणि दोरा स्वतःभोवती वळतो. दर दहा-बारा टाक्यांनी सुई सोडून खाली लोंबकळू द्या. ती गरगर फिरून थांबली की पीळ जागेवर आला.

मेण लावायचं का?

सुती दोऱ्याला जरूर, आणि मधमाश्यांचंच. मेणबत्तीचं मेण ठिसूळ असतं, त्याच्या कपच्या पडतात. दोरा मेणाच्या वडीवर अंगठ्यानं दाबून दोनदा ओढा. मग दोन कागदांच्या घडीत धरून वरून गरम इस्त्री एकदा फिरवा. ही पायरी बहुतेक जण सोडतात, पण खरं काम तीच करते. मेण वितळून दोऱ्याच्या आत मुरतं, जास्तीचं कागद शोषून घेतो आणि फिक्या कापडावर डाग पडत नाही. पॉलिएस्टरला इस्त्री लागतेय याचं भान ठेवा, मंद आचेवर आणि क्षणभरच.

सुई कोणती?

40/3 ला शार्प 7 किंवा 8 नंबर, 50/3 ला 9 नंबर. सुईतही आकडा वाढला की ती बारीक होते. वाकळ फार जाड असेल तर आखूड बिटवीन सुई घ्या, ती वाकत नाही. नेढं दोऱ्यापेक्षा किंचित मोठं असावं. अगदी घट्ट नेढ्यात दोरा कापला जातो, फार मोठ्या नेढ्याच्या सुईनं कापडाला भोक मोठं पडतं. मधल्या बोटात अंगुस्तान घाला, नाहीतर तिसऱ्या बाजूपर्यंत बोट सोलवटतं आणि टाके ढिले पडायला लागतात.

रंग कोणता जुळवायचा?

गोटाच्या कापडाशी जुळवा, वाकळेच्या अंगाशी नाही. टाका गोटाच्या घडीत बसतो आणि दिसलाच तर तिथं दिसतो. रीळ कापडाशेजारी ठेवून रंग बघू नका. रिळावर दोरा एकावर एक असल्यानं गडद वाटतो. एक पदर सोडून कापडावर आडवा टाका आणि दुकानाबाहेर उजेडात या. दोन छटांत अडलात तर गडद घ्या, फिका टाका कापडावर चमकून दिसतो. अनेक रंगांच्या तुकड्यांचा गोट असेल तर मध्यम राखाडी रंग सगळ्यांत कमी डोळ्यात येतो.

दोऱ्याचा रंग उतरेल का?

लाल, किरमिजी, काळा आणि गडद निळा यांची परीक्षा घेतल्याशिवाय शिवू नका. हातभर दोरा पांढऱ्या सुती चिंधीत गुंडाळा, कोमट साबणाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, बाहेर काढून तसाच ओला दाबून वाळू द्या. चिंधीवर रेघ उमटली तर तो दोरा पांढऱ्या धोतराच्या वाकळेला नको. गोटाच्या नव्या कापडाचीही अशीच परीक्षा करा. आणि ते कापड शिवण्याआधी धुऊन घ्या: अंगाचं कापड आधीच आटलेलं असतं, गोट नंतर आटला की काठ चुरगळून आत ओढला जातो आणि दोष मात्र दोऱ्याला येतो.

कापड आणि दोरा किती लागेल?

6 फूट × साडेचार फूट वाकळ धरू. चारी बाजू मिळून 21 फूट, म्हणजे 252 इंच. सांध्यांसाठी आणि कोपऱ्यांसाठी 12 इंच जास्त धरले की 264 इंच पट्टी. जाड वाकळेला दुहेरी घडीच्या गोटासाठी पट्टी 3 इंच रुंद हवी, हलकीला अडीच. 44 इंच पन्ह्याच्या कापडात एका पट्टीचे 42 इंच हाती येतात, म्हणजे सात पट्ट्या. 3 इंचांनी 21 इंच कापड, म्हणून 60 सेंटिमीटर घ्या.

दोरा: पुढून पट्टी जोडणारी हातटीप लांबीच्या तिप्पट खाते, मागून घडी धरणारं हेम दुप्पट. 252 इंच म्हणजे 6.4 मीटर, त्याची पाचपट 32 मीटर. प्रत्येक हातभर दोऱ्यातले चार इंच गाठीत आणि शेवटच्या टोकात जातात. हे धरून 40 ते 45 मीटर लागतो. 100 मीटरच्या एका रिळात दोन वाकळा होतात. पण त्याच लॉटचं रीळ थोडं शिल्लक ठेवाच, दुरुस्तीला तोच रंग पुन्हा मिळेलच असं नाही.

टाका नेमका कसा घालायचा?

पट्टीची लांबीत दुहेरी घडी घालून इस्त्री करा. वाकळेच्या सुलट्या बाजूला, कडेला कडा जुळवून, पाव इंच आत हातटीप घाला. मशीनची टीपही चालेल, जाड वाकळ मशीनखाली सरकत असेल तरच. मग घडी कडेवरून मागे वळवा, आधीची टीप झाकेल इतकी आणा आणि चार-चार बोटांवर टाचण्या लावा.

सुईवर दोरा तीनदा गुंडाळून छोटी गाठ मारा आणि ती गोटाच्या आत लपवा. सुई घडीच्या अगदी टोकातून बाहेर काढा. समोरच वाकळेच्या मागच्या कापडात घाला, आतल्या आत एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, पुढे न्या आणि पुन्हा घडीच्या टोकातून काढा. टाका सरळ उभा पडला तर झाकला जातो, तिरपा पडला की दिसतो. इंचाला आठ टाके बसले पाहिजेत, फार जाड कापडात सहा चालतील.

सुई किती खोल जाते याकडे लक्ष द्या. मागचा एकच जुना पदर उचलला तर पुढं-मागं तोच पदर फाटून येणार. दोन पदर उचला, पण सुलट्या बाजूला टाका दिसता कामा नये. डावा हात खाली ठेवला की सुईचं टोक बोटाला लागतं आणि अंदाज येतो.

दर विताला त्याच जागी एक जास्तीचा टाका घाला. मग कुठं दोरा तुटलाच, तर वीतभर उसवून थांबतो, सगळी बाजू जात नाही. दोरा संपवताना दोन बारीक टाके एकाच जागी, मग सुई इंचभर आतून फिरवून बाहेर आणि कापा.

कोपरे लवकर का उघडतात?

कोपऱ्यातली तिरपी घडी शिवायची राहून जाते म्हणून. पुढून टीप घालताना कडेच्या पाव इंच आधी थांबा, पट्टी वर वळवून खाली घ्या आणि नव्या बाजूनं सुरू करा. मागून हेम करत कोपऱ्यात आलात की तिरप्या घडीत पाच-सहा टाके घालून ती बंद करा आणि सुई कापडातून पुढच्या बाजूला नेऊन तिथलीही घडी शिवा. इथं दोरा नवीन ओवून घ्या. झिजलेल्या दोऱ्याची शेवटची चार बोटं कोपऱ्यात वापरू नका.

नवरात्राआधी पंचगंगेवर नेऊन धुणार आहे. काठ टिकेल?

टिकेल, पण आपटताना आणि पिळताना सांभाळावं लागतं. भिजलेली वाकळ फार जड होते. दोघांनी दोन टोकांना धरून पिळली की सगळा ताण आखूड बाजूंच्या गोटावर येतो. म्हणून आखूड बाजूंना इंचाला दहा टाके घाला. धोपटणं मधल्या अंगावर चालवा, काठावर नको. पिळण्याऐवजी घडी करून घाटाच्या पायरीवर निथळू द्या. वाळत घालताना कोपऱ्यांना चिमटे लावून टांगू नका, मधोमध दोरीवर किंवा कठड्यावर टाका.

बाळाच्या गोधडीला वेगळं काही?

50/3 सुती, धुऊन मऊ केलेला फिका रंग. गाठ वर राहता कामा नये, टाका इतका बारीक की बाळाचं बोट त्यात शिरणार नाही. चमकी किंवा जरीचा दोरा नको.

खणाचा गोट लावायचा आहे.

खण दिसतो सुंदर, पण कापलेली कड पटकन सुटते. पट्टी अर्धा इंच जास्त रुंद कापा, कापल्या कापल्या कडेला कच्चा धावदोरा घाला आणि टीप पाव इंचाऐवजी तीन सूत आत घ्या. दोरा 50/3. जाड दोऱ्यानं खणाचे उभे-आडवे धागे सरकतात आणि घडीच्या कडेला जाळी दिसते.

आजीच्या डब्यातली जुनी लाकडी रिळं वापरावीत का?

हातभर दोरा दोन्ही हातांत धरून झटका द्या. खटकन आवाज होऊन तुटला तर दोरा जिवंत आहे. काही न कळता सुटला तर कुजलाय, तो फक्त कच्च्या टाचणीला वापरा. वरचे थर उन्हानं खराब झालेले असतात, तेव्हा पाच-सहा मीटर काढून टाकून पुन्हा एकदा बघा. आतला दोरा कित्येकदा चांगला निघतो.

जुना गोट काढून नवा लावताना दोरा कसा निवडायचा?

आधी जुना काठ कशानं गेला ते बघा. टाके तुटलेत आणि कापड शाबूत आहे, तर एक पायरी जाड दोरा घ्या, 50/3 होता तर 40/3. कापड भोकांच्या ओळीवर फाटलंय, तर जुना दोरा फार चिवट होता. त्या ओळीच्या अर्धा इंच आत या, फाटका भाग कापून टाका आणि सुती 50/3 नं, टाके थोडे जवळ घेऊन शिवा. जुने टाके ओढून काढू नका. दर तिसरा टाका बारीक कात्रीनं कापा, मग दोरा उलट बाजूनं अलगद निघतो.